३१५ बोरच्या रायफलीला नवा दस्ता

जुन्नर-आंबेगावात परवान्याची रायफल असलेल्या घरात लोखंडाची काळजी घेतली जाते. नळी पुसतात, तेल देतात. लाकडाकडे मात्र कोणी बघत नाही. मग एखाद्या श्रावणात दस्त्याला तडा दिसतो आणि शोधाशोध सुरू होते.

आपल्याकडची लष्करी रायफल

परदेशात सैन्याने काढून टाकलेल्या रायफली दुकानात विकत मिळतात, आपल्याकडे नाही. पोलिसांच्या हाती अनेक दशके दिसलेली ३०३ आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोरमध्ये मोडते. नागरिकांसाठी ३१५ बोर आला तो याच कारणाने, इंग्रजांच्या काळात: लष्करी काडतूस सामान्य माणसाच्या बंदुकीत चालू नये म्हणून. कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्याची ३१५ म्हणजे ३०३च्याच ली-एनफिल्ड घराण्यातली रायफल. त्यामुळे जुन्या ३०३च्या दस्त्याबद्दल सैन्य जे शिकले, ते बरेचसे इथेही लागू पडते.

आधी जुने लाकूड तपासा

प्रत्येक तडा म्हणजे नवा दस्ता नव्हे. कुंद्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या, टोकाची चीर जाणकार कारागीर चिकटवू शकतो. पण मूठ धरतो त्या गळ्याशी किंवा लोखंडी बॉडीला टेकणाऱ्या जागी तडा असेल, तर लाकूड बदलाच. गोळी सुटल्यावरचा सगळा धक्का तिथेच बसतो.

लाकूड कोणते?

पहिली पसंती अक्रोडाला. हलके, चिवट, आणि वाळल्यावर फारसे वळत नाही. श्रीनगरच्या बंदूक-कारागिरांचे नाव या लाकडावरच उभे आहे. शिसव मजबूत आणि दिसायला देखणे, पण जड. रायफल खांद्यावर घेऊन भीमाशंकरच्या बाजूचा चढ चढणाऱ्याला ते वजन जाणवेल. बाभळीचा दांडा कुऱ्हाडीला उत्तम, पण बारीक कोरीव कामाला ती कारागिराचा घाम काढते. आंब्याचे लाकूड स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. मऊ असते आणि कीड लवकर लागते.

माझ्या मते लाकडाच्या जातीपेक्षा दोन गोष्टी मोठ्या. एक, लाकूड वर्षानुवर्षे सावलीत वाळलेले हवे. आपल्या तालुक्यांत पश्चिमेला घाटमाथ्याचा धो धो पाऊस आणि पूर्वेला आणे पठाराची कोरडी हवा. अर्धवट वाळलेले लाकूड या दोन हवांमध्ये फुगते, आकसते आणि नळीवर दाब आणते. मग कालपर्यंत बरोबर लागणारा नेम बाजूला जातो. दुसरी गोष्ट रेषांची. गळ्याशी लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने सरळ धावल्या पाहिजेत. तिथे त्या तिरप्या गेल्या असतील, तर कितीही सुंदर लाकूड असो, परत करा.

माप

जुन्या एनफिल्डचा कुंदा चार लांबींत मिळे: नेहमीचा, अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड आणि एक इंच आखूड. शिपायाच्या हाताप्रमाणे तो बदलत. घरी अंदाज घ्यायचा तर रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि कुंदा कोपराच्या आतल्या घडीत टेकवा. बोट ताण न देता चापापर्यंत जायला हवे.

बसवणी

जुन्या ली-एनफिल्डमध्ये कुंदा एका लांब बोल्टाने आवळलेला असतो आणि त्या बोल्टाचे टोक पुढच्या लाकडात अडकलेले असते. पुढचे लाकूड न काढता बोल्ट फिरवला तर ते लाकूड मागून चिरते. चांगले दस्ते असेच वाया गेले आहेत. नवे पुढचे लाकूड बॉडीला दोन्ही बाजूंनी सारखे टेकले पाहिजे. एकाच बाजूला टेकले तर काही गोळ्यांतच फाटायला लागते. ईशापूरने आपल्या ३०३च्या पुढच्या लाकडात आडवा स्क्रू घातला, तो या फाटण्यावरचा उपाय म्हणून.

तेल

अळशीचे तेल पातळ थरांत, मधे वाळू देऊन लावा. आतली न दिसणारी बाजू आणि कापलेली टोके आधी. पाणी तिथूनच शिरते. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

कोणाकडून करून घ्यायचे?

गावातल्या सुताराकडून नाही, तो कितीही हुशार असला तरी. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या आणि रायफलीचा नंबर लिहिलेली पावती घ्या. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केलेली रायफल परत घेतानाही लाकूड तिथेच, उजेडात तपासा. दमट खोलीत पडून राहिल्याने आलेली बुरशी आणि फुगवटा नव्या दस्त्यावरही लगेच दिसतो.