खाऱ्या पाण्यातलं गोडं पाणी : मुरूड-जंजिरा

थंडीत सहलींचे बेत सुरू होतात. यंदा कोकणात निघाला असाल, तर जंजिरा बघून या. आपल्या शहराशी त्याचं जुनं नातं आहे.

अरबीत बेटाला ‘जझीरा’ म्हणतात, त्यावरून जंजिरा. रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ, राजपुरीसमोरच्या समुद्रात हा किल्ला उभा आहे. तिथे सत्ता होती सिद्दींची. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. १६१० साली आपली खडकी वसवणारा मलिक अंबरही हबशीच, आणि तोही निजामशाहीचाच वजीर. त्याने डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. जंजिऱ्यात चोहीकडे खारं पाणी, पण आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. पाण्याची सोय होती म्हणूनच तटाच्या आत एक गाव नांदलं आणि वेढे पडले तरी किल्ला तगला. पाण्यासाठी टँकरची वाट बघणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर वचक ठेवायला जवळच पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी १६८२ साली खाडीत भराव घालून वाट करायचा प्रयत्न केला, पण मोगली फौज कोकणात उतरल्याने त्यांना परतावं लागलं. १९४८ साली संस्थान विलीन झालं. आतली वस्तीही उठली. आता तिथे पडके वाडे, तलाव आणि कलालबांगडीसारख्या तोफा आहेत.

आता जाण्याबद्दल. राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. खरी कसोटी उतरताना लागते. होडी लाटेवर हलत असते आणि पायऱ्या ओल्या असतात. म्हणून साडी असेल तर ओचा नीट खोचा, हात मोकळे ठेवा, लेकरं कडेवर न घेता नावाड्याच्या हाती द्या. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना आग्रह करू नका, किनाऱ्यावरूनही किल्ला छान दिसतो. तरंगणारं जाकीट मागून घ्या, आणि होडीत दाटी झाली असेल तर पुढची धरा. प्यायचं पाणी घरूनच न्या. पावसाळ्यात किल्ला बंद असतो.

तलावाच्या काठावर मात्र थोडं थांबा. या पाण्यावर कितीतरी बायकांनी घागरी भरल्या असतील. त्यात प्लॅस्टिकची बाटली टाकू नका, एवढंच सांगणं.