व्हीलचेअरवरील आप्तांसह देवदर्शनास येताना : निवासाची खोली कशी पारखावी



मे महिन्याची सुट्टी जवळ आली की देवस्थानच्या कार्यालयात येणारी पत्रे व दूरध्वनी वाढू लागतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, मुंबई अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली कुटुंबे कुलदैवताचे दर्शन व मुलांना चार दिवस समुद्रकिनारा, अशी दुहेरी योजना आखून गोव्यात येत असतात. अलीकडे या पत्रांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. घरातील एक व्यक्ती चाकांच्या खुर्चीवर, म्हणजे व्हीलचेअरवर, आहे. कोणाला पक्षाघात झालेला असतो, कोणाचे गुडघे निकामी झालेले, कोणी अपघातग्रस्त, तर कोणी जन्मापासूनच तसे. त्या व्यक्तीसह उतरता येईल अशी खोली कोठे मिळेल? आणि पुष्कळदा पत्र येतच नाही. ‘त्यांना प्रवास झेपणार नाही’ असे म्हणून त्या व्यक्तीला शेजाऱ्यांच्या वा नर्सच्या हवाली करून बाकीचे कुटुंब दर्शनाला येते. आमचा अनुभव असा की प्रवास बहुतेकांना झेपतो. जे झेपत नाही ते मुक्कामाचे न्हाणीघर होय.

हे आम्हांस आमच्याच चुकीतून कळले, म्हणून ती आधी सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातून एक कुटुंब आले होते. वडील सत्तरीच्या पुढचे, पक्षाघातानंतर खुर्चीवर. मुलाने आगाऊ दूरध्वनी करून अग्रशाळेतील खोलीची चौकशी केली होती व कार्यालयाने ‘तळमजल्याची खोली आहे, बाहेर उतार केलेला आहे, काळजी नसावी’ असे निःशंक उत्तर दिले होते. खुर्ची खोलीपर्यंत विनासायास गेली. परंतु न्हाणीघराचे दार दोन फुटांचे आणि त्याला चार इंचांचा उंबरा. खुर्ची आत जाईना. मुलाने उचलून न्यावे तर आत दोघांना उभे राहण्यास जागा नाही. पहाटे अभिषेकाचा संकल्प होता. शेवटी ओल्या पंचाने अंग पुसून घेण्याची वेळ आली. स्नान झाले नाही म्हणून ते गृहस्थ सभामंडपात येण्यास तयार होईनात. आजाऱ्यास मंत्रस्नान, मानसस्नान शास्त्राने सांगितलेले आहे, असे भटजींनी परोपरीने समजावले. पण त्यांचे मन घेईना. अभिषेक मुलाच्या हस्ते झाला आणि ते स्वतः दीपस्तंभापाशी हात जोडून बसून राहिले. आम्ही त्यांस खोटे सांगितले नव्हते. आम्ही दार मोजले नव्हते, इतकेच.

तेव्हा पहिली गोष्ट मोजण्याची. सुरुवात आपल्या घरच्या खुर्चीपासून करावी. आपल्याकडे बहुतेक घरांत जी घडीची खुर्ची असते ती उघडल्यावर एका बाजूच्या कड्यापासून दुसऱ्या बाजूच्या कड्यापर्यंत साधारण ६५ सेंटिमीटर भरते. काही खुर्च्या याहून रुंद असतात. बसलेली व्यक्ती स्वतःच्या हातांनी चाके फिरवीत असेल तर बोटांच्या पेरांसाठी दोन्हीकडे थोडी जागा लागते. म्हणजे दारातून मोकळी जागा ७५ सेंटिमीटर तरी हवीच, आणि ९० असेल तर उत्तम. येथे एक फसगत होते. हॉटेलवाले ‘अडीच फुटी दार’ म्हणतात तेव्हा ते चौकटीचे माप सांगत असतात. दार काटकोनात उघडले की फळीची जाडी व बिजागऱ्या मिळून चार-पाच सेंटिमीटर जागा खातात. म्हणून दार उघडे ठेवून, फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत टेप धरावयास सांगावे.

खोलीच्या दाराविषयी सगळे विचारतात. न्हाणीघराच्या दाराविषयी कोणी विचारीत नाही. वास्तविक खोलीचे दार बहुधा रुंदच असते, कारण त्यातून पलंग आत न्यावयाचा असतो. न्हाणीघरात पलंग न्यावयाचा नसल्याने बांधणाऱ्याने तेथेच काटकसर केलेली असते. शिवाय आपल्या देशात पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरा घालण्याची किंवा आतली जमीन खोल ठेवण्याची रीत आहे. एक-सव्वा सेंटिमीटरपर्यंतचा उंबरा पुढच्या लहान चाकांना ओलांडता येतो. त्याहून उंच असेल तर खुर्ची मागे कलती करून चढवावी लागते आणि ओल्या फरशीवर ते धोक्याचे असते. दार आत उघडते की बाहेर, हेही विचारावे. आत उघडणारे दार खुर्ची वळविण्याची जागा अडविते, आणि आतील व्यक्ती दुर्दैवाने पडली तर तेच दार उघडता येत नाही.

आत गेल्यावर खुर्ची पूर्ण वळण्यास सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. एवढी जागा जुन्या लॉजमध्ये क्वचितच मिळते. वळता येत नसेल तर निदान सरळ आत जाऊन उलटे बाहेर येता यावे. कमोडच्या एका बाजूला खुर्ची उभी करता येईल इतकी, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या आसपास, जागा असावी आणि बैठक साधारण खुर्चीच्याच उंचीची, ४५ ते ४८ सेंटिमीटर, असावी. भिंतीतील आधाराचा दांडा व टॉवेलचा दांडा यांत फरक आहे. टॉवेलचा दांडा माणसाच्या भाराने भिंतीतून निघून येतो. ‘दांडा आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये, त्याचे छायाचित्र मागवावे. मोठ्या हॉटेलांत टबाचा प्रश्न येतो. टब दिसण्यास सुंदर, परंतु पाय उचलता न येणाऱ्यास तो चार इंचांच्या उंबऱ्याहून वाईट. स्नानासाठी रबरी टोपणांच्या पायांचे पक्के स्टूल किंवा खुर्ची आहे काय, हे विचारावे. अंगणातील प्लॅस्टिकची खुर्ची साबणाच्या पाण्यात घसरते. आमच्या मते ज्या कुटुंबाला शक्य असेल त्याने स्नानाची घडीची खुर्ची घरूनच आणावी. तिचे वजन फार नसते.

पलंगाविषयी थोडेसेच. त्याची उंची गादीसकट खुर्चीच्या बैठकीएवढी, म्हणजे अर्ध्या मीटरच्या आत-बाहेर, असली की सरकून जाता येते. दुहेरी गाद्यांचे उंच पलंग हल्ली पुष्कळ ठिकाणी दिसतात. वरची गादी काढण्यास सांगितले तर कोणी नाही म्हणत नाही.

बाहेरच्या उताराबाबत मात्र सावध असावे. सर्वमान्य प्रमाण १ः१२ असे आहे, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी. पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उतार ५.४ मीटर लांब हवा. पुष्कळ हॉटेलांत जो उतार दाखविला जातो तो सामानाच्या ढकलगाडीसाठी केलेला, दीड-दोन मीटरचा असतो. त्यावरून माणूस बसलेली खुर्ची चढविण्यास दोघे लागतात व उतरविताना काळजाचा ठोका चुकतो. ‘आमची मुले उचलून नेतील, चिंता नको’ हे उत्तर तर सर्वांत अधिक ऐकू येते. ते मनापासून दिलेले असते यात शंका नाही. पण दिवसातून चार वेळा चार अनोळखी हातांनी उचलले जाणे ज्याच्या वाट्याला येते त्यास त्यात काय वाटते, हे कोणी विचारीत नाही. अशी माणसे मग खोलीबाहेर पडणेच टाळतात.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सर्वसामान्य जनतेसाठी खुल्या असलेल्या खासगी इमारतींसही सुगम्यतेचे निकष त्याने लागू केले आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीतील नियम केवळ मार्गदर्शक राहता कामा नयेत, बंधनकारक असावेत, असा निर्णय दिला. पर्यटन मंत्रालयाकडून तारांकन घेणाऱ्या हॉटेलांना दिव्यांग अतिथींसाठी निदान एक खोली ठेवावी लागते. तिचे व तिच्या न्हाणीघराचे दार एक मीटर रुंद असावे, असा निकष आहे. परंतु तारांकन घेणे हॉटेलच्या इच्छेवर असते, आणि निदान एक म्हणजे व्यवहारात पुष्कळदा एकच. ती खोली रिकामी राहू नये म्हणून इतरांना दिली जाते, आणि आपण रात्री दहा वाजता पोहोचावे तो ‘आज दुसरी घ्या’ असे ऐकावे लागते. यास्तव आरक्षण करताना खोलीचा क्रमांक लेखी मागवावा व निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारावे.

आरक्षणाच्या संकेतस्थळांवर व्हीलचेअरचे चिन्ह दिसते त्यावर विसंबू नये. ती खूण बहुधा मालकानेच केलेली असते. तिचा अर्थ कोठे लिफ्ट आहे इतकाच, तर कोठे दारात खुर्ची ठेवलेली आहे इतकाच असतो. दूरध्वनी दुपारी करावा, सकाळी येण्याजाण्याची गर्दी असते. आणि शक्य तर आरक्षण करणाऱ्याशी न बोलता खोल्यांची सफाई पाहणाऱ्या पर्यवेक्षकाशी बोलावे. उंबरा किती, दांडा हलतो की नाही, हे त्यास पाठ असते. टेप लावून काढलेली चार छायाचित्रे किंवा मोबाइलवर दोन मिनिटांचे चलचित्र मागण्यात संकोच मानू नये. देण्यास टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावे. पावसाळ्यात येणाऱ्यांनी आणखी एक विचारावे : वीज गेली तर लिफ्ट जनित्रावर चालते काय? तळमजल्याची खोली मिळाल्यास हा प्रश्नच उरत नाही.

मोठ्या कुटुंबाची एक वेगळी अडचण असते. सोयीची खोली बहुधा दोघांपुरती असते आणि बाकीच्यांच्या खोल्या दुसऱ्या मजल्यावर मिळतात. मग नातवंडे वर आणि आजी खाली, अशी सुट्टी होते. शेजारची किंवा आतून जोडलेली खोली मिळत नसेल तर निदान सेवेस राहणाऱ्यासाठी जादा गादी टाकल्यावर खुर्ची फिरेल काय, याचा अंदाज घ्यावा.

गोव्यातील प्रवासाविषयी दोन शब्द. रेल्वेने येणाऱ्यांना फोंडा महालातील देवस्थानांसाठी मडगाव स्थानक सोयीचे. विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावर दाबोळी आहे की मोपा हे पाहावे. मोपा येथील विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला असून तो पेडणे तालुक्यात, अगदी उत्तरेस आहे. तेथून फोंड्यास येण्यास अधिक वेळ लागतो व वाटेत सोयीचे स्वच्छतागृह मिळेलच असे नाही, म्हणून विमानतळावरूनच सर्व आटोपून निघावे. टॅक्सी ठरविताना मागच्या डिकीत गॅसची टाकी नाही ना, हे विचारावे. टाकी असली की घडीची खुर्ची मावत नाही. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांसाठी पहिला पर्पल फेस्ट भरला, तेव्हापासून हा विषय काढल्यास येथील हॉटेलवाले पूर्वीसारखे गोंधळून जात नाहीत, हेही नमूद करावेसे वाटते.

आता आमच्या अग्रशाळेविषयी. वर सांगितलेल्या प्रसंगानंतर व्यवस्थापक समितीने तळमजल्यावरील दोन खोल्यांची न्हाणीघरे पाडून नव्याने बांधली. दार ९० सेंटिमीटर, बाहेर सरकणारे. उंबरा काढून फरशीला मोरीकडे उतार. कमोडच्या दोन्ही बाजूंस दांडे. स्नानासाठी पक्के आसन. पहाटे साडेचारपासून गरम पाणी मिळते. खुर्ची पूर्ण वळेल इतकी जागा मात्र एकाच न्हाणीघरात साधली आहे. दुसऱ्यात मागे यावे लागते, हे आधीच सांगून ठेवतो. भोजनशाळेत पाटाऐवजी मेजाची सोय सांगितल्यास केली जाते.

देवळाच्या आवारात दीपस्तंभापासून सभामंडपापर्यंत उतार आहे. बाहेरून आलेल्या खुर्चीची चाके मंडपाच्या दाराशी ओल्या फडक्याने पुसून घेतली जातात. ज्यांना ते रुचत नाही त्यांच्यासाठी देवस्थानची वेगळी खुर्ची आत ठेवलेली आहे. चौकापर्यंत खुर्ची येते व तेथून श्रींची मूर्ती समोर दिसते. चौकाच्या पुढील उंबरा दगडी व पुरातन असून तो काढता येणार नाही. तळीच्या पायऱ्यांनाही पर्याय नाही. पावसाळ्यात आवारातील जांभ्या दगडावर शेवाळ धरते, त्या दिवसांत उतारावर चटया अंथरल्या जातात, तरी खुर्ची धरणारा पायांनी खंबीर असावा.

या दोन खोल्या जत्रा व नवरात्र या काळात प्रथम अशाच कुटुंबांसाठी राखून ठेवल्या जातात. आरक्षण करताना खुर्चीची रुंदी सेंटिमीटरमध्ये, ती व्यक्ती थोडे उभी राहू शकते की नाही, आणि पहाटेच्या अभिषेकास यावयाचे आहे काय, एवढ्या तीन गोष्टी कार्यालयास अवश्य कळवाव्यात. अभिषेकास यावयाचे असल्यास सेवेकऱ्यास पहाटे पाच वाजता खोलीपाशी पाठविले जाईल.