एका मात्रेचा फरक

‘‘बाई, आमची मुलगी अगदीच बावळट आहे का हो?’’

दुपारची जेवणं उरकून मी वह्यांचा गठ्ठा घेऊन नुकती बसले होते. दारात माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलीची आई उभी. हातात निबंधाची वही. समासात माझ्याच लाल शाईतला शेरा – ‘इनेप्ट’! तिच्या यजमानांनी रात्री शब्दकोश काढला, त्यात ‘अकुशल, बावळट’ असा अर्थ निघाला आणि पोर न जेवताच झोपली.

‘‘आधी बसा, वहिनी,’’ म्हणत मी वही उघडली. मावशीच्या लग्नात घरातल्या साऱ्या बायकांनी मिळून लाडू वळले, ते किती छान झाले, असं मुलीनं लिहिलं होतं. आणि शेवटी, आचारी फार झाले की रस्सा बिघडतो, अशा अर्थाची इंग्रजी म्हण ठोकून दिली होती. म्हण तिथे बसत नव्हती. मला लिहायचं होतं ‘इनॅप्ट’. घाईत ‘ए’ अक्षराच्या जागी ‘ई’ पडलं आणि म्हणीचा दोष मुलीच्या माथी बसला.

मैत्रिणींनो, हे दोन्ही शब्द तसे सख्खे. लॅटिनमध्ये ‘आप्टुस’ म्हणजे नीट जोडलेला, चपखल बसलेला. इंग्रजीतला ‘ॲप्ट’ त्यातूनच आला. नकाराचा ‘इन्’ पुढे लागला की लॅटिनमध्ये ‘आ’चा ‘ए’ होतो, म्हणून ‘इनेप्टुस’. त्याचा झाला ‘इनेप्ट’. पुढे इंग्रजांनी आपल्याच ‘ॲप्ट’ला ‘इन्’ जोडून ‘इनॅप्ट’ तयार केला. आपला ‘योग्य’ही असाच, ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूपासून आलेला. जे जोडलं जात नाही, ते अयोग्य!

रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो याने इ. स. पू. ५५ मध्ये वक्तृत्वावर एक ग्रंथ लिहिला. त्यात क्रॅसस नावाच्या वक्त्याच्या तोंडी या शब्दाची मोठी मार्मिक फोड आहे. वेळ कोणती हे ज्याला कळत नाही, जो फार बोलतो, स्वतःचीच टिमकी वाजवतो, समोर कोण बसलंय याचं भान ठेवत नाही, तो ‘इनेप्टुस’. वर तो म्हणतो, ग्रीकांकडे या दोषाला शब्दच नाही, कारण तो त्यांच्यात इतका मुरलेला की दोष आहे हेच त्यांना कळत नाही! दोन हजार वर्षं झाली, पण हळदीकुंकवाला अशी एखादी भेटतेच की नाही?

आता वापर कसा करायचा? बोलणं, उदाहरण, उपमा प्रसंगाला धरून नसेल तर ‘इनॅप्ट’. बारशाला जाऊन बाळंतपणात दगावलेल्या बाईची गोष्ट सांगणं, हे इनॅप्ट. आपण त्याला अप्रस्तुत किंवा अनाठायी म्हणू. माणसाला काम जमत नसेल, हात वळत नसेल, तर ‘इनेप्ट’. पुरणपोळी तव्यावर टाकेपर्यंत तिची चाळण करणारी मी स्वयंपाकघरात इनेप्टच! जुन्या इंग्रजीत इनेप्टचाही अर्थ ‘न शोभणारा’ असा होता. आज मात्र त्याचा रोख बहुधा माणसाच्या अंगच्या गुणांवर असतो. म्हणूनच तो जास्त लागतो.

हे सगळं मी त्या माउलीला सांगितलं, पण आधी माफी मागितली. शेरा खोडून खाली स्वच्छ मराठीत लिहिलं – ‘म्हण इथे बसत नाही. निबंध छान. चूक बाईंची.’ दुसऱ्या दिवशी वर्गातही तेच बोलून दाखवलं. मुलीनं मान वर केली, तेव्हा कुठे माझा घास खाली उतरला.

तेव्हापासून घरी-दारी शेरा मारताना मी स्वतःला एक प्रश्न विचारते. काय बसलं नाही – काम की माणूस? आमटी खारट झाली तर आमटीला खारट म्हणावं. करणारीला कशाला?