पाचर ठोकावी किती?

सर्जिओ लिओनीच्या 1966 च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मध्ये टुको एका बंदुकांच्या दुकानात शिरतो. काउंटरवरची रिव्हॉल्व्हरं खोलतो, एकाची नळी आणि दुसऱ्याचं सिलिंडर जुळवतो, सिलिंडर कानाशी धरून फिरवतो आणि स्वतःचं हत्यार उभं करतो. एली वॉलेकनं तो प्रसंग असा वठवला आहे की आपण मान डोलावतो. प्रत्यक्षात असं जमणं फार कठीण. 'आमचे सुटे भाग एकमेकांत बसतात' असं अमेरिकन बंदूकनिर्माता कोल्ट सांगत असे, पण त्याच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर, फ्रेमवर, सिलिंडरवर, अगदी पाचरीवरही एकच क्रमांक ठोकलेला असतो. त्याच्या हार्टफर्डच्या कारखान्यात भाग यंत्रावर कापले जात, शेवटचा हात मात्र कानशीचा असे. एकदा जमलेली जोडी पुढच्या कामात फुटू नये, यासाठी तो क्रमांक.

या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती आज प्रामुख्यानं इटलीत, ब्रेशाच्या परिसरात बनतात. तिथल्या गार्दोने वाल त्रोम्पियामध्ये बंदुका घडवण्याची परंपरा काही शतकांची आहे. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली तशी अमेरिकेत जुन्या हत्यारांची हौस वाढली. नेव्ही आर्म्स या अमेरिकन कंपनीच्या व्हॅल फॉर्गेटनं 1851 च्या कोल्ट नेव्हीची प्रतिकृती इटलीत करवून घेतली आणि 1959 मध्ये आल्दो उबेर्टीनं स्वतःची कंपनी काढली. उबेर्टी आणि गुस्सागोची पिएत्ता ही आज या धंद्यातली दोन मोठी नावं.

ही रिव्हॉल्व्हरं काळ्या बारुदीवर चालतात, आणि अशा हत्यारात 'जितकं घट्ट तितकं चांगलं' हा हिशेब चालत नाही. ही बारूद जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात मागे उरतो. नळी आणि सिलिंडर यांच्यामधली फट फार कमी ठेवली, तर काही फैरींतच सिलिंडर जाम होतं. फार ठेवली, तर वायू आणि ठिणग्या बाजूनं फुटतात. साधारण 0.15 मिमी फट असली की काम नीट चालतं.

कोल्टच्या रचनेत ही फट एका पाचरीवर अवलंबून असते. या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवरून फ्रेमची पट्टी जात नाही. फ्रेममधून निघालेला जाड दांडा, म्हणजे आर्बर, सिलिंडरमधून आरपार जाऊन नळीखालच्या भोकात शिरतो. आडवी पाचर दोघांना आवळून धरते. आर्बरचं टोक भोकाच्या तळाला टेकत असेल, तर पाचर कितीही ठोका, फट तेवढीच राहते आणि सगळा सांगाडा एकसंध होतो. जुन्या कोल्टमध्ये ते टेकतं. टोक आखूड राहिलं, तर नळीला मागे अडवणाऱ्या फक्त खालच्या दोन बारीक पिना उरतात. पाचर ठोकली की नळी त्या पिनांवर तोलून वरच्या बाजूनं सिलिंडरकडे झुकते. मग फट किती हे ठोकणाऱ्याच्या मनगटावर ठरतं. झटके बसत राहिले की पाचर आणि तिची खाच दोन्ही झिजतात.

उबेर्टीच्या कोल्ट प्रतिकृतींबद्दल जाणकारांची हीच जुनी तक्रार आहे. पोलाद चांगलं, फिनिश देखणं, पण आर्बर आखूड. पिएत्ताचा आर्बर बहुधा नीट टेकतो. संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आल्यापासून तिच्या मालात सारखेपणाही आला. सीएनसीची गंमत अशी की माप बरोबर असेल तर ते प्रत्येक नगात बरोबर येतं आणि चुकलेलं असेल तर प्रत्येक नगात तसंच चुकतं. पूर्वीचा फिटर निदान आपल्या हातातल्या नगापुरतं तरी दुरुस्त करायचा.

तपासणी सोपी आहे. रिकामं हत्यार खोलावं, सिलिंडर बाजूला ठेवावं. नळी थोडी तिरकी फिरवून आर्बरवर थांबेपर्यंत सरकवावी. नळीखालच्या भागाची मागची कड फ्रेमच्या तोंडाशी समपातळीत आली, तर आर्बर टेकला. कड फ्रेमच्या तोंडापलीकडे मागे जाऊन अंगावर चढली, तर जितकी चढली तितका आर्बर आखूड. भोकाच्या तळाशी पोलादाची चकती टाकून ती कानशीनं थोडी थोडी उतरवत बेतली की दोष जातो.

रेमिंग्टनच्या पद्धतीच्या प्रतिकृतींना हा त्रास नाही, कारण तिथे फ्रेम सिलिंडरवरूनही बंद असते आणि नळी तिच्यात आटे पाडून बसवलेली असते.

माझं मत स्पष्ट आहे. मूळ कोल्टची नक्कल म्हणून जे विकलं जातं, त्यात मूळ कोल्टचा टेकणारा आर्बर असलाच पाहिजे. चकती बेतण्याचं काम गिऱ्हाइकाचं नाही, कारखान्याचं आहे.