बाबांची गाडी, आहे तशी

एमएच-09, म्हणजे कोल्हापूर पासिंगची जुनी गाडी विकायला काढली की मायलेज, किलोमीटर सगळं मागे राहतं आणि पहिला प्रश्न येतो, "पुरात होती काय?" ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी कधीच मागे टाकली आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलं. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. शाहूपुरीत, नागाळा पार्कात, दुधाळीत उभ्या असलेल्या गाड्यांत पाणी शिरलं. पुरातल्या काही गाड्या भंगारात जातात, काही धुऊन-पुसून, वायरिंग बदलून परत बाजारात येतात. त्यामुळे नदीपासून लांबच्या कळंब्यासारख्या भागातली, पुराचं पाणी कधी न पाहिलेली गाडीसुद्धा संशयातून सुटत नाही.

आमच्या बाबांची 2012 ची वॅगन आर विकताना हाच अनुभव आला. रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास व्हायला लागल्यावर त्यांनी स्वतःहून गाडी चालवणं सोडलं, आणि विकायचं काम माझ्याकडे आलं. घरच्यांचा पहिला सल्ला होता, "बफिंग करून घे, आतून धुऊन घे, बाकी विचारतील तेवढंच सांग." मला तो पटला नाही, आणि का पटला नाही याची कारणं नुसती सचोटीची नाहीत, व्यवहाराचीही आहेत.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्याच बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे 2001 मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यांचं म्हणणं असं: गाडीत खरं काय आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी द्यायला मालक तयार होत नाही आणि ती बाजारातून मागे जाते. उरतात त्या खराब, मग भाव आणखी पडतो. पुरानंतर एमएच-09 च्या वाट्याला नेमकं हेच आलं आहे. यातून बाहेर पडायचा रस्ता एकच: घेणाऱ्याला जे दिसत नाही, ते आपण दाखवायचं.

म्हणजे आधी ते आपल्याला नीट माहीत हवं. वडिलांच्या गाडीत इथेच अडचण येते. इतकी वर्षं एकाच माणसाने चालवलेल्या गाडीचे दोष त्या माणसाला दोष वाटतच नाहीत. मी बाबांना विचारलं, "तिसऱ्या गिअरला ही खरखर कधीपासून आहे?" ते म्हणाले, "खरखर कसली? तो गाडीचा आवाज आहे." म्हणून शेजारी बसून गाडी चालवून पाहावी, आणि ज्या मेकॅनिकने ती कधी पाहिलेली नाही अशाला दाखवावी. उद्यमनगरात असे कुशल हात भरपूर आहेत. फक्त जाताना "विकायची आहे" म्हणू नये, "घ्यायची आहे" या नजरेने बघा म्हणावं. तेवढ्याने तपासणीच बदलते.

ज्येष्ठांच्या गाडीचे दोषही ठरावीक असतात. कमी पळालेली गाडी म्हणून आपण कौतुकाने सांगतो, पण कमी पळणं हा निव्वळ गुण नाही. टायरवर नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र कडक होऊन गेलेलं असतं. टायरच्या बगलेवर लंबगोलात चार आकडे असतात ते वाचावेत: 3517 म्हणजे 2017 च्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. आमच्या गाडीचे चारही टायर दिसायला नवे होते आणि आकड्यांनी म्हातारे. हे आम्ही सांगितलं नसतं तर घेणाऱ्याला कळलंही नसतं, आणि हायवेला त्याच टायरवर त्याचं कुटुंब बसलं असतं. अर्ध्या क्लचवर चालवायच्या सवयीने क्लच प्लेट झिजते. महिनोन् महिने उभ्या गाडीची बॅटरी बसते. कळंब्याच्या बाजूला बंगल्यांच्या मागे अजून ऊस आहे, तिथे बोनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात. आमच्याही कुरतडल्या होत्या, जोड दिलेला होता. तो जोड यादीत गेला.

यादी कागदावरच करावी, तोंडी नको. त्यात तारखा, काय झालं, काय केलं, काय केलं नाही. "डावा मागचा दरवाजा गेटला घासला, पत्रा तोच, रंग फक्त खालच्या भागाला." "एसी चालतो, पण उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो." "सर्व्हिस 2021 पर्यंत कंपनीत, नंतर गल्लीतल्या गॅरेजला, पावत्या आहेत तेवढ्या सोबत." शेवटचं वाक्य लिहायला जड जातं, पण त्यानेच वरच्या ओळींवर विश्वास बसतो.

दुरुस्त काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, वायपर यांत दोष असेल तर तो सांगून मोकळं व्हायचं नाही, दुरुस्त करूनच गाडी रस्त्यावर द्यायची. रंगाला मात्र हात लावू नये. विक्रीच्या तोंडावर दिलेला ताजा रंग पाहिला की जाणकार माणूस आधी विचारतो, खाली काय झाकलंय? जुना ओरखडा आहे तसा ठेवला की निदान पत्रा खरा आहे हे तरी दिसतं.

पुराचा संशय तोंडी शपथेने जात नाही. तो दाखवून घालवावा लागतो. गारगोटीकडचे एक शिक्षक गाडी बघायला आले, तेव्हा त्यांनी विचारायच्या आधीच मी मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यांच्या हातात दिला. रोज बाहेर येणारा भाग सगळेच पुसतात. गुंडाळीच्या मुळाशी असलेला पट्टा धुवायला सहसा कोणी जात नाही, आणि पाणी लागलेलं असेल तर तिथे मातकट डाग राहतो. मग स्टेपनी काढून खालचा खड्डा दाखवला, पुढच्या सीटखालचे स्क्रू आणि वायरींचे जोड दाखवले. गंज नाही, गाळ नाही. सर म्हणाले, "आता बाकीचं काय ते सांगा." मी यादी दिली. कात्यायनीच्या चढापर्यंत गाडी चालवून आल्यावर त्यांनी तिसऱ्या गिअरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे कळलं. सांगितलेला दोष स्वतःच्या कानाने ऐकला की घेणारा घाबरत नाही, उलट मोकळा होतो. भावाची बोलणी मग भांडण न होता बेरीज-वजाबाकीवर येतात.

ती वजाबाकी अशी. समजा तशा वयाच्या गाडीला 2,20,000 रुपये मिळतात. टायर 15,000, क्लच 8,000, एसी 5,000 असा गॅरेजचा अंदाज आहे. सगळे 28,000 कमी करायची गरज नाही, कारण तेवढ्या जुन्या गाडीचा भाव थोडी झीज धरूनच ठरलेला असतो. टायरची रक्कम पूर्ण सोडावी, क्लच-एसीवर निम्म्यात यावं, हे मला रास्त वाटतं. विम्याच्या कागदावरची किंमत मात्र बाजारभाव समजू नये. गाडी पाच वर्षांहून जुनी झाली की तो आकडा विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरतो. आणखी एक खर्च लोक सांगायला विसरतात. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी फिटनेस, नूतनीकरण आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्कच 600 वरून 5,000 झालं. आमच्या गाडीची मुदत 2027 पर्यंत होती, म्हणून तेही लिहून दिलं.

कायदा काय म्हणतो? 1872 च्या करार कायद्यात फसवणुकीच्या कलमाखाली घोड्याची उदाहरणं दिली आहेत. घोडा आजारी आहे हे माहीत असून विकणारा नुसता गप्प राहिला, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धडधाकट आहे असं धरतो," आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्याइतकंच धरलं जातं. दोष मुद्दाम झाकणं, मीटर मागे फिरवणं, विचारल्यावर खोटं सांगणं ही सरळ फसवणूक, आणि असा सौदा घेणारा मोडू शकतो. म्हणजे काही मर्यादेत गप्प राहायला कायद्याची मुभा आहे. मला ती मुभा नको होती, कारण गाडी बाबांच्या नावावर होती आणि पावतीवर सही त्यांची होणार होती.

कागदांचं काम इसार घेण्याआधी तपासावं. कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो. त्याला बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 लागतो. ई-चलन थकलं असेल ते भरावं. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली असावी, नाहीतर आरटीओत काम अडतं. वडील हयात नसतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते: मृत्यूची खबर 30 दिवसांत, अर्ज फॉर्म 31 वर 3 महिन्यांत. घेणारा निपाणी-बेळगावचा असेल तर फॉर्म 28 वर ना-हरकत दाखला घ्यावा लागतो, आणि कर्नाटकातला कर वेगळा पडतो हे त्याला आधीच सांगावं.

नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा. सह्या करून हे फॉर्म कोरेच एजंटाकडे सोडायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, ती कृपा करून मोडा. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच गाडी होती. 2007 मध्ये विकलेली, पुढे एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली, पण आरसीवर नाव पहिल्याचंच. 2009 मध्ये अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. सत्तरीतल्या माणसाच्या डोक्यावर हे ठेवू नये. गाडी व्यापाऱ्याला देत असाल तर तो आरटीओचा अधिकृत विक्रेता आहे का ते पाहा आणि फॉर्म 29सी भरून ताबा दिल्याची नोंद करा. ही सोय 2023 पासून आहे.

ताबा पावतीवर तारखेसोबत वेळ आणि मीटरचा आकडा लिहा, म्हणजे त्या संध्याकाळचं चलन कोणाचं यावर वाद होत नाही. दोषांची यादी पावतीला जोडून दोन्ही प्रतींवर दोघांच्या सह्या घ्या. पैसे बँकेतून, वडिलांच्याच खात्यावर. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घरच्या वापरातल्या गाडीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

किल्ली दिल्यावरही दोन-तीन कामं उरतात. फास्टॅग बँकेला कळवून बंद करायचा, नाहीतर किणी टोलनाक्यावरचे पैसे बाबांच्या खात्यातून कटत राहतील. गाडी घेणाऱ्याने विमा 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यायचा असतो. नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसून माणसाचा असतो, तेव्हा कंपनीकडून त्याचं पत्र घ्यावं, ते 3 वर्षं चालतं. आणि वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मालकाच्या जागी दुसऱ्याचं नाव दिसेपर्यंत दर आठवड्याला बघत राहावं, घेणाऱ्याला फोन करत राहावं. आमच्या सरांनी आरसी हातात पडल्यावर तिचा फोटो स्वतःहून पाठवला. त्यासोबत टायरच्या बिलाचाही होता.