धूर म्हणजे वाया गेलेलं सरपण
दोन पत्र्याच्या डब्यांची हलकी चूल आणि तिच्यामागचं ज्वलनशास्त्र

जळती मेणबत्ती फुंकून विझवा. वातीतून पांढरट धुराची रेघ वर निघेल. त्या रेघेला लगेच वरून पेटती काडी दाखवा. काडी वातीला टेकायच्या आतच ज्योत धुरातून खाली उतरते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली. त्यांत त्यांनी ज्योतीच्या पोटात काचेची नळी धरून आतली वाफ बाहेर काढली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी ती पेटवून दाखवली. ज्योतीत जळतं ते घट्ट मेण नसतं, मेणाची वाफ असते.

लाकडाचंही तसंच आहे. वाळकं लाकूड अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की त्याचं विघटन होऊ लागतं. वजनाचा ७५ ते ८० टक्के भाग वायू आणि वाफांच्या रूपात बाहेर पडतो आणि मागे कोळसा व थोडी राख उरते. बाहेर पडलेल्यात कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन आणि डांबरी वाफा असतात. हे सगळं जळणच आहे, पण ते पूर्ण जळायला सहाशे अंशांच्या वर तापमान, पुरेशी हवा आणि वायू त्या हवेत नीट मिसळायला थोडा वेळ लागतो. यातलं काहीही कमी पडलं की डांबरी वाफा गार होतात, त्यांचे सूक्ष्म थेंब बनतात आणि ते हवेत तरंगत निघून जातात. डोळ्यांना झोंबतो आणि पातेल्याच्या बुडाला चिकटतो तो हाच धूर.

गडावर मुक्कामाला गेलेली मंडळी तीन दगड मांडून जाळ करतात, तेव्हा सरपणातली बहुतेक ऊर्जा हातची जाते. वारा ज्योत पातेल्याखालून उडवतो, गार हवा चारी बाजूंनी घुसते आणि जळू पाहणारे वायू विझतात. अशा उघड्या चुलीत सरपणातल्या ऊर्जेपैकी साधारण १० ते १५ टक्केच भांड्यापर्यंत पोचते.

आता हिशेब करू. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. हवेत वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण १५ हजार किलोज्यूल ऊर्जा असते. म्हणजे काहीच वाया गेलं नाही, तर २०-२५ ग्रॅम काटक्यांवर लिटरभर पाणी उकळायला हवं. तीन दगडांवर त्यासाठी दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅम लागतात. चूल २५ टक्के कार्यक्षम झाली तरी काम नव्वद ग्रॅमवर येतं, म्हणजे मूठ-दोन मुठी काटक्यांवर. आडरानात राहणाऱ्याला हा फरक मोठा आहे. गॅसचं सिलिंडर रेल्वेत नेता येत नाही, विमानात तर नाहीच. डब्यांची चूल मात्र सॅकमध्ये अर्ध्या किलोच्या आत मावते.

दोन डब्यांची जोडी

या चुलीला लागणारे दोन्ही डबे आमरसाच्या धंद्यात सहज मिळतात. एक ८५० ग्रॅमचा, सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचा आणि १२ सेंटिमीटर उंचीचा. दुसरा केटररकडे येतो तो तीन किलोचा, सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर व्यासाचा आणि १८ सेंटिमीटर उंचीचा. लहान डब्याचं झाकण पूर्ण काढायचं. त्याच्या बुडाला पाच मिलिमीटरची वीसेक भोकं पाडायची. वरच्या काठाखाली दीड सेंटिमीटरवर सहा मिलिमीटरच्या वीस भोकांची एक रांग काढायची. मोठा डबा उलटा धरून त्याच्या बुडात लहान डबा जेमतेम बसेल एवढं गोल कापायचं, म्हणजे लहान डबा आपल्या काठावर आत लटकून राहील. मोठ्या डब्याची उघडी बाजू आता खाली आली. तिच्या काठालगत दहा मिलिमीटरची सोळा भोकं पाडायची. भोकं पाडताना डब्यात लाकडाचा ओंडका घालावा, पत्रा चेपत नाही. कडा कानशीने घासाव्यात आणि हातमोजे घालावेत, कारण कापलेला पत्रा ब्लेडसारखा लागतो. वर भांडं ठेवायला चार-पाच सेंटिमीटर उंचीचं, बाजूंना मोठ्या खिडक्या कापलेलं कडं हवं. भांडं थेट काठावर ठेवलं तर ज्योत कोंडून विझते.

भोकांची मापं उगाच दिलेली नाहीत. एक किलो कोरडं लाकूड पूर्ण जळायला सुमारे पाच हजार लिटर हवा लागते, आणि ती दोन वाटांनी यावी लागते. थोडी हवा बुडाच्या भोकांतून काटक्यांत शिरते आणि त्यांतून वायू निघेल एवढीच धग टिकवते. उरलेली दोन डब्यांमधल्या पोकळीतून वर चढते, आतल्या डब्याच्या गरम भिंतीला घासत तापते आणि वरच्या रांगेतून आत येते. वरच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ बुडाच्या भोकांपेक्षा जास्त ठेवायचं, आणि बाहेरच्या डब्याच्या भोकांचं या दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त. वरच्या मापांत हिशेब असा बसतो: बुडाला सुमारे ३९० चौरस मिलिमीटर, वर ५६५, बाहेर १,२५०.

वरून पेटवायची चूल

पेटवण्याची रीत नेहमीच्या उलट आहे. पेन्सिलीएवढ्या जाड काटक्या बोटाच्या लांबीएवढ्या तोडून वरच्या भोकांच्या खालपर्यंत रचायच्या, आणि जाळ वरून लावायचा. पहिली दोन-तीन मिनिटं धूर येतो. मग ज्योती काटक्यांपासून सुटतात आणि वरच्या प्रत्येक भोकाशी गॅसच्या बर्नरसारखी एकेक ज्योत आत झुकलेली दिसते. धूर जवळपास थांबतो. आग हळूहळू खाली सरकते, तिच्यातून निघालेले वायू वरच्या तापलेल्या कोळशातून जातात आणि ताज्या गरम हवेशी भेटून पेटतात. काटक्या संपत आल्या की ज्योती मावळतात आणि निखारे उरतात.

काटक्या वाकवल्या की काडकन मोडल्या पाहिजेत. ओल्या लाकडाच्या वजनातला निम्मा वाटा पाण्याचा असू शकतो. ते पाणी उडून जाईपर्यंत लाकूड शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतं आणि धुमसतं. सह्याद्रीतली वाळकी कारवी जाडीला अगदी योग्य. पडलेली तेवढीच उचलावी, उभं झुडूप तोडू नये.

वरून पेटवण्याची ही कल्पना अमेरिकन रसायनतज्ज्ञ टॉम रीड यांनी १९८५ मध्ये पुढे आणली. नॉर्वेचे पॉल वेंडेल्बो युगांडात काम करताना स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपर्यंत पोचले. आपल्याकडे डॉ. आनंद कर्वे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने ग्रामीण घरांसाठी सुधारित चुलींवर मोठं काम केलं. लाकूड-कोळशापासून वायू काढणं त्याहून जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा आपल्याकडेही कोळशाच्या वायूवर मोटारी धावत होत्या.

पत्रा आणि विष

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू नका. जस्त ४२० अंशांना वितळतं, आणखी तापल्यावर त्याची वाफ होते आणि ती छातीत गेली की ताप भरतो. ॲल्युमिनियमही नको, ते ६६० अंशांना वितळतं आणि निखारे त्याहून गरम असतात. खाद्यपदार्थांच्या डब्यांना आतून लाखेसारखा लेप असतो. म्हणून पहिला जाळ उघड्यावर रिकामाच काढावा, त्यावर काही शिजवू नये. पातळ पत्रा काही वापरांनी गंजून फाटतो. टिकाऊ चूल हवी असेल तर त्याच मापांचे स्टेनलेस स्टीलचे डबे शोधावेत.

सगळ्यात महत्त्वाचं, ही चूल तंबूत पेटवायची नाही. बाहेर पाऊस असला तरी नाही, आणि ज्योती विझून नुसते निखारे उरले असले तरी नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेल्याला जाग येत नाही. कॅनडा, अलास्कातल्या थंडीत तंबूत चूल ठेवतात, पण त्या तंबूंना जाड कॅनव्हास आणि धुराडं बाहेर काढायची खास सोय असते. आपले नायलॉनचे तंबू ठिणगीनेही वितळतात.

जागेचंही भान हवं. भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यांनी राखीव वनांत आणि अभयारण्यांत आग पेटवण्यावर निर्बंध घातले आहेत. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येतात. तिथे चूल सॅकमध्येच राहू द्या, आणि उन्हाळ्यात गवत वाळलेलं असताना कुठल्याच डोंगरावर ती काढू नका. पायथ्याच्या गावात घरमालकाला विचारून अंगणात पेटवा, शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि राख हाताला गार लागेपर्यंत उठू नका. पुढच्या रविवारी मुलांना घेऊन ही चूल करा. धूर कधी थांबतो ते त्यांना घड्याळ लावून पाहू द्या, आणि का थांबतो ते त्यांनाच शोधू द्या.