पकड कुणाच्या नावावर?

पहाटे 5.15

जानेवारीचा रविवार. माहुलीच्या अंगाने उतरणारा वारा शहापुरात पहाटेला चांगलाच झोंबतो. चहा ठेवला आणि उकळी येईपर्यंत कालची वही उघडली. शाळेत मी गणित शिकवते, खेळाचा तासही माझ्याकडेच आहे. पण भातकापणी उरकली की शनिवार-रविवारचं माझं काम म्हणजे ही वही. आमच्या मुलींच्या कबड्डी संघाची एकूण एक चढाई मी लिहून ठेवते. कोण गेली, समोर किती जणी होत्या, आपल्या किती उभ्या होत्या, गुणफरक काय होता, आधीच्या चढाया रिकाम्या गेल्या होत्या का, आणि शेवटी निकाल. अधिकृत गुणपत्रक गुणलेखकाकडे असतं आणि त्यात गुणांचा हिशेब चोख असतो. पण गुण गेला तेव्हा मैदानात काय चाललं होतं, ते शोधायला ही वहीच लागते.

काल गटातला शेवटचा सामना आम्ही सात गुणांनी हरलो. आधीचे जिंकले होते म्हणून बाद फेरीत आलो, एवढंच. सामना सुटला तेव्हा मैदानाच्या कडेने एकच आकडा फिरत होता: सात नंबर सहा वेळा बाद. चौदा चढाया, त्यात सहा वेळा बाहेर. गावातल्या जाणत्या मंडळींनी निकालच देऊन टाकला, पोरगी घाई करते, उद्या बसवा. चार नंबरची मात्र सगळ्यांनी पाठ थोपटली. तिच्या अकरा चढायांत एकच पकड.

मला रात्रभर झोप लागली नाही ती या थोपटलेल्या पाठीमुळे.

6.30

भाच्याचा फोन. तो अमेरिकेत एडिसनला असतो, तिकडे शनिवारचे रात्रीचे आठ वाजलेले. त्यांच्या फुटबॉलचे बाद फेरीचे सामने याच दिवसांत असतात. लांबोडक्या चेंडूचा, अंगावर चिलखत घालून खेळतात तो फुटबॉल. गेल्या वर्षी सुट्टीत आला होता तेव्हा माझ्या वह्या बघून म्हणाला होता, “मावशी, आमच्याकडे याच गोष्टीवरून भांडणं होतात.”

तिथे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणं याचा वेगळा हिशेब ठेवतात. फेकलेला चेंडू मधल्यामध्ये दुसऱ्याने झेलला, किंवा पळणाऱ्याच्या हातून सुटला आणि दुसऱ्याने उचलला, की तो गमावलेला चेंडू. किती गमावले, किती मिळवले, याची वजाबाकी करून संघाची पत ठरवतात. 1983 च्या मोसमात वॉशिंग्टनच्या संघाने 61 वेळा चेंडू मिळवला आणि फक्त 18 वेळा गमावला. 43 चा फरक, आजही तो विक्रम आहे. सोळापैकी चौदा सामने त्यांनी जिंकले. आणि जानेवारी 1984 मध्ये अंतिम सामन्यात ते 38-9 असे हरले.

या आकड्यात बऱ्याच गोष्टी एका पोत्यात भरलेल्या असतात, असं भाचा म्हणतो. हातून सुटलेला चेंडू कुणाच्या पुढ्यात जाईल हे बरंचसं त्याच्या उसळीवर. अंड्याच्या आकाराचा चेंडू, तो कुठेही उडतो. शेवटच्या काही सेकंदांत मागे असलेला संघ निरुपायाने लांब फेकतो, तो झेलला गेला तरी त्याच रकान्यात भर. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. दहा यार्ड पुढे जायला तिथे चार प्रयत्न मिळतात. चौथा प्रयत्न फसला तर चेंडू समोरच्याकडे जातो, पण गमावलेल्या चेंडूंच्या आकड्यात हे धरतच नाहीत. चेंडू गेला तो गेलाच, तरी हिशेबाबाहेर.

“आज तुझ्या सात नंबरला खेळवणार का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही, वही माझ्या हातात आहे.

8.00

जीपमध्ये बारा मुली, प्रशिक्षक दादा, मी, पाण्याचे कॅन आणि भाकऱ्यांचं गाठोडं. शहापूरहून किन्हवली, तिथून सरळगाव. सरळगावला कल्याण-नगर रस्ता लागला की मुरबाड तालुक्यातली वर्दळ सुरू होते. दोन्ही बाजूंना कापून मोकळी झालेली खाचरं, पेंढ्याच्या उडव्या.

सात नंबर मागच्या बाकावर, खिडकीला डोकं टेकून. एरवी गाणी तीच सुरू करते.

मला माझ्या वर्गातले चिंचोके आठवले. एका पिशवीत पाच चिंचोके, त्यातला एक घासून पांढरा केलेला. डोळे मिटून एक काढायचा, बघायचा, परत टाकायचा, असं चौदा वेळा. पाचात एक या हिशेबाने पांढरा साधारण तीनदा यायला हवा. पण पंचवीस मुलांचा वर्ग असेल तर त्यात एखाद्याला सहा किंवा त्याहून जास्त वेळा पांढरा येतो. गणितही तेच सांगतं, शंभरात चारपाच वेळा असं होणारच. ज्याला सहा पांढरे येतात त्याने काही चूक केलेली नसते. दर पाच चढायांत एकदा बाद होणारी चांगली चढाईपटू पंचवीसेक सामने खेळली, तर नुसत्या योगायोगानेही एका दिवशी तिच्या नावावर सहा लागतील. तोच दिवस निवड करणाऱ्यांनी पाहिला तर?

9.30

गाव लहान, मैदान मात्र देखणं. खाचराचे बांध फोडून सपाट केलेलं, रात्री पाणी मारून रोलर फिरवलेला. पोरं फक्की मारत होती. मुलींचं मैदान 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद. मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा, कडेची राखीव क्षेत्रं. ओल्या मातीवर पांढऱ्या रेघा उमटताना बघणं मला अजून आवडतं.

दादा माझ्याजवळ येऊन बसले. “बाई, सातला आज बसवावं म्हणतोय. गावातले पण तेच म्हणतात.”

मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि सहाच्या सहा ओळींवर बोट फिरवलं.

संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो; नाही आणला तर चढाई करणारी बाद आणि समोरच्यांना गुण. काल अशा पाच तिसऱ्या चढाया आमच्यावर आल्या आणि पाचही वेळा दादांनी सातलाच पाठवलं. कारण दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. दोनदा तिने गुण आणला, तीनदा बाद झाली. त्या तीनांतही एकदा तिला कुणी धरलंच नव्हतं, ती हात हलवत परत आली आणि नियमाने बाद झाली. आणखी दोन बाद शेवटच्या तीन मिनिटांतल्या, पाच गुणांनी मागे असताना. तेव्हा बचाव करणाऱ्या मुलींना ठाऊक होतं की ही खोलवर शिरणारच, शिरल्याशिवाय गत्यंतर नाही. राहिली एक. गुण बरोबरीत, समोर सहा जणी, बोनससाठी पाय टाकला आणि उजव्या कोपरारक्षक मुलीने घोटा धरला. ही एक निखळ तिची.

“म्हणजे ती बाद झाली म्हणून आपण हरलो, असं नाही,” मी म्हटलं. “शेवटच्या दोन तर आपण हरत होतो म्हणून झाल्या.”

दादा गप्प. मग मी दुसरं पान उलटलं. त्या पाच तिसऱ्या चढायांच्या आधी प्रत्येकी दोन, म्हणजे दहा रिकाम्या चढाया. त्यांतल्या आठ चार नंबरच्या. ती निदान रेषा ओलांडायची, घड्याळातले तीस सेकंद काढायची आणि सुखरूप परतायची. तिच्या नावावर पकड लागत नव्हती, कारण ती पकड सातच्या नावावर ढकलली जात होती. मी चार नंबरला दोष देत नाही. तिला तसंच सांगितलं होतं, जप म्हणून. पण एकीची वही कोरी राहावी म्हणून दुसरीची भरत असेल, तर त्या दोन आकड्यांची तुलना करायची नसते.

आणि मोलही सारखं नसतं. सात जणी उभ्या असताना एक धरली गेली तर एक गुण गेला, सहा उरल्या. पण ती एकटीच उरलेली असेल आणि धरली गेली, तर पकडीचा एक गुण आणि वर लोणाचे दोन. तीच पकड कधी एकाची, कधी तिनाची. काल सातच्या सहापैकी एकीनेही लोण चढला नव्हता.

दादांनी वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. “खेळू द्या तिला,” एवढंच म्हणाले.

12.40

उपांत्यपूर्व सामना. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं. दादांनी एकच बदल केला, तिसरी चढाई वाटून दिली. सात नंबर पहिल्या चढाईला, समोर सहा-सात जणी असताना, कारण बोनस तेव्हाच मिळतो. चार नंबरला सांगितलं, रिकामी आलीस तरी चालेल, पण दोनदा नाही.

मी खाली मान घालून लिहीत होते. पंचांची शिट्टी, मुलींचा दम, कडेला पोरांचा आरडाओरडा. चार नंबर दोनदा धरली गेली आणि एकदा दोघींना टिपून आली. तिचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. आम्ही तीन गुणांनी जिंकलो.

सात नंबर या सामन्यात पाच वेळा बाद झाली. कालच्यापेक्षा एकच कमी. मैदानाच्या कडेला त्या पाचाचा उच्चारही कुणी केला नाही.

3.30

आंब्याच्या सावलीत तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. मुली एकमेकींच्या मांड्यांवर डोकं ठेवून झोपल्या. यजमान गावातल्या एका आजींनी विचारलं, पोरींच्या खेळाचं एवढं काय लिहिता. मी त्यांना 2012 ची गोष्ट सांगितली. पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात भारताने इराणला हरवलं, आणि त्या संघात सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ या आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तैवानच्या मुलींविरुद्धचं सुवर्ण 26-25 असं आलं. एका गुणाने. त्या एका गुणाचा हिशेब कुणीतरी नीट ठेवायला हवा ना, आजी? त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

8.20

उपांत्य सामना दिव्यांखाली. दव पडायला लागलं होतं आणि माती निसरडी झाली होती. आमची डावी कोपरारक्षक दोनदा नुसती पाय घसरल्याने हुकली, आणि समोरची जी हमखास धरली गेली असती ती मध्यरेषेवर हात टेकवून सुटली. त्यांचीही एक चांगली पकड अशीच निसटली. भाच्याच्या त्या लांबोडक्या चेंडूची उसळी म्हणजे आमच्याकडचं हे दव. याला रकाना नाही. मी समासात बारीक अक्षरात ‘घसरली’ लिहिलं आणि पुढची ओळ घेतली.

एका गुणाने हरलो.

मुली रडल्या. मीही डोळे पुसले. सात नंबर पुन्हा चार वेळा बाद झाली होती आणि कडेने तो सूर परत ऐकू यायला लागला होता. दादांनी या वेळी तो ऐकून घेतला नाही. तिच्या खांद्यावर हात टाकून तिला जीपकडे घेऊन गेले.

11.30

किन्हवलीच्या पुढे रस्ता सुनसान. जीपमध्ये अर्ध्या झोपलेल्या. सात नंबर सरकत सरकत माझ्या शेजारी आली.

“बाई, वही बघू?”

मी मोबाइलचा दिवा धरला. ती एकेक ओळ बोटाने वाचत गेली, समोर किती, आपल्या किती, कितवी चढाई. आकड्यांपेक्षा त्या रकान्यांवर जास्त रेंगाळत. सकाळी दादांना जे दाखवलं तेच तिने आपलं आपण शोधलं, आणि जरा सरळ बसली. मग आजच्या शेवटच्या पानावर थांबली.

“ही चुकली बाई तुमची.”

“कुठली?”

“ही, दुसऱ्या डावातली. तुम्ही तिसरी चढाई लिहिलंय. तिसरी नव्हती ती. आधीच्या चढाईला चार नंबरनं बोनस आणलेला. मला गुण आणायलाच पाहिजे असं काही नव्हतं. मी उगाच आत गेले.”

मी वरची ओळ पाहिली. चार नंबर, समोर सहा, बोनस. तिचं बरोबर होतं.

“खोडा ना,” ती म्हणाली.

जीप खड्ड्यांतून उसळत होती. मी कंपासपेटीतून खोडरबर काढला आणि तिने मांडीवर वही घट्ट धरून ठेवली.